काणीचा वाफा : प्रकल्प नोंदी

ठिकाण : मंगळवेढा तालुका. पीक : रब्बी ज्वारी, मालदांडी ३५-१. रान आबांचं, विहिरीकडचा कोपरा. नोंदी माझ्या, मोजदाद नववीच्या वर्गाची.

३ सप्टेंबर

गेल्या फेब्रुवारीत आबांनी मळणीच्या आधी काणी रोगाची सात कणसं वेगळी काढून दिली होती. कागदी पिशवीत घालून ती प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवलेली, आज खाली काढली. लांबून कणीस कणसासारखंच दिसतं. जवळ घेतलं की दाण्याच्या जागी मळकट पांढरी कुपी. नखाने फोडली की आत काजळी.

वर्गात विचारलं, ही काजळी येते कुठून? धुईमुळे. कच्च्या शेणखतामुळे. अमावस्येला पेरलं म्हणून. "रानच तसलं आहे, बाई." सगळी उत्तरं घरून आलेली, त्यामुळे मी हसले नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधले शेतकरी गव्हाच्या काणीबद्दल जवळपास हेच म्हणत होते, अमावस्या तेवढी सोडून. बोर्डोच्या अकादमीने या प्रश्नावर बक्षीस लावलं आणि १७५५ साली ते माथ्यू टिले याला मिळालं. हा माणूस शेतकरी नव्हता, वनस्पतीशास्त्रज्ञही नव्हता. त्रुआ शहरातल्या टांकसाळीचा प्रमुख होता. मला वाटतं, नाणी मोजण्याची सवय त्याला कामी आली असावी. त्याने वाद घातला नाही. रानाचे तुकडे पाडले, प्रत्येकात वेगळं काहीतरी केलं आणि कणसं मोजली.

तोच प्रयोग आपण ज्वारीवर करायचा असं ठरलं.

मुलांनी नाव लगेच बदललं. टिलेचा 'टिळेसाहेब' झाला आणि काजळी चोळलेलं बी म्हणजे 'टिळा लावलेलं बी'. वहीत मीही तेच लिहिणार.

७ सप्टेंबर

आबांकडे जाऊन आले. जागा द्यायला ते तयार होते, पण बेत ऐकल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगल्या बियाला काळं फासायचं, मग त्यालाच औषध करायचं. हे कसलं शिक्षण, बाई? अन् माझ्या रानात रोग पेरून तुम्ही जाणार."

म्हणणं रास्त आहे. शेवटी असं ठरलं की कुपी दिसली की त्या कणसावर लगेच कापडी पिशवी बांधायची, कुपी फुटू द्यायची नाही, आणि मोजणी झाली की पिशवीसकट कापून उकळत्या पाण्यात बुडवायची. कोपऱ्यातल्या दाण्यातला एकही दाणा खळ्यावर जाणार नाही. मोजणी होईपर्यंत कणसं हात न लावता जागेवरच राहतील, हे आबांनी मान्य केलं.

निघताना आबांनी एक सांगितलं. त्यांचे वडील ज्वारीच्या बियाला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, लावत. पुडी तालुक्याहून यायची. निळं पाणी करायचं, बी बुडवायचं, गोणपाटावर वाळवायचं. उरलेल्या पाण्याजवळ पोरांना फिरकू द्यायचे नाहीत. म्हणजे काणीसाठी बियालाच औषध करायची ती जुनी गोष्ट आबांच्या ओसरीपर्यंत कधीच येऊन पोचली होती, मलाच ठाऊक नव्हतं.

१३ सप्टेंबर

पेरणीला वेळ आहे, तोवर दुसरा प्रयोग. टिलेला काजळीने रोग होतो हे कळलं, पण काजळी म्हणजे काय हे कळलं नाही. त्याला ते एखादं विष वाटत होतं. ती जिवंत आहे हे १८०७ साली बेनेडिक्ट प्रेव्हो याने दाखवलं. तो मोंतोबां गावात शिकवायचा. काजळीचे कण पाण्यात टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला आणि ते बियासारखे रुजताना त्याला दिसले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तांब्याचा स्पर्श झालेल्या पाण्यात ते रुजत नव्हते.

यासाठी आमच्याकडे सगळं आहे. घासूनपुसून चालणारा एक सूक्ष्मदर्शक आणि घराघरात तांब्याचा तांब्या.

काल रात्री एका तांब्यात आणि एका काचेच्या बरणीत पाणी भरून ठेवलं. आज सकाळी दोन्हींतला थेंब काचपट्टीवर घेऊन काजळी टाकली आणि ओल्या टिपकागदावर झाकून ठेवली.

१४ सप्टेंबर

फजिती. दोन्हींकडे कण रुजले. तांब्याच्या पाण्यात किंचित कमी, पण 'बघा, प्रेव्हो बरोबर होता' म्हणण्याइतके नव्हे. वर्गातल्या एकाने विचारलं, "बाई, म्हणजे तो खोटं बोलला?"

मला दोन शंका आहेत. पाणी बोअरचं होतं, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात तांबं फारसं उतरत नसावं. शिवाय तांब्या आतून काळवंडलेला होता.

१९ सप्टेंबर

तांब्या चिंचेने घासला, चांगला विसळला. कौलावरून धरलेलं पावसाचं पाणी वापरलं. दोन रात्री ठेवलं.

आज मोजलं. बरणीच्या पाण्यात १०० कणांपैकी ६१ रुजलेले, तांब्याच्या पाण्यात ४. बारीक तपकिरी गोळी आणि तिला फुटलेली शेपटी. सुप्रिया म्हणाली, "बेडकाचं पिल्लू." दिसतं खरं तसंच. मधली सुट्टी संपली तरी रांग हटेना. शेवटी मुख्याध्यापकही येऊन बघून गेले.

प्रेव्होचं पॅरिसच्या विद्वानांनी मानलं नाही, हे सांगितल्यावर मुलांना राग आला. त्या काळी शहाणी माणसंसुद्धा असं धरून चालत की बुरशी रोगामुळे उपजते. बुरशीमुळे रोग होतो हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. कुजलेल्या भाकरीवर बुरा येतो, तसंच कुजलेल्या दाण्यात काजळी येते, एवढा साधा तर्क. युरोपात बटाट्याचं पीक सडलं आणि आयर्लंडमध्ये १८४५ पासून सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, तेव्हाही वाद हाच होता. जर्मनीच्या अँटन डी बारी याने १८६१ मध्ये करप्याची बुरशी निरोगी बटाट्यावर घालून रोग आणून दाखवला, मग हळूहळू माणसं मानायला लागली. प्रेव्होचा लेख तोवर अर्धशतक पडून होता.

२७ सप्टेंबर

उद्या पेरणी. आज बियाची तयारी.

विकतचं बी चालत नाही, कारण ते औषध लावूनच येतं. आबांच्या रानातली निरोगी कणसं हातानेच निवडून चोळली होती, ते बी घेतलं. तरीही त्याला थोडी काजळी चिकटलेली असणारच, म्हणून तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवलं. त्यातून सात वाटे केले.

पहिला स्वच्छ. दुसरा टिळ्याचा. तिसरा स्वच्छ, पण कच्च्या शेणखतात. चौथा टिळ्याचा आणि कच्च्या शेणखतात. ही दोन घरच्या उत्तरांची परीक्षा. टिलेनेही निरनिराळी खतं घालून हेच तपासलं होतं. पाचवा टिळा लावून मिठाच्या पाण्यात घोळलेला, सहावा टिळा लावून मोरचुदात, सातवा टिळा लावून गंधकात. गंधक ३०० मेशची भुकटी, किलोला ४ ग्रॅम, आजही कृषी विभाग सांगतो तेच प्रमाण.

मिठाची गोष्ट टिलेच्याही आधीची. जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने १७३३ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ब्रिस्टलजवळ गव्हाचं जहाज बुडालं. खाऱ्या पाण्यात भिजलेला गहू भाकरीला चालेना म्हणून लोकांनी पेरून टाकला. त्या साली आसपासच्या गव्हावर काणी आणि या गव्हावर नाही. तेव्हापासून तिकडे बी मिठात घोळायची रीत पडली. आमच्याकडे बाजरीच्या अरगटासाठी मिठाचं पाणी करतात, त्यामुळे मुलांना नवल वाटलं नाही.

मोरचूद : १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम, दहा मिनिटं. पहिलं पाणी वाया गेलं. ओंकारने ते लोखंडी घमेल्यात कालवलं. थोड्या वेळात घमेल्याला आतून तांबूस थर चढला आणि पाण्याचा निळा रंग उतरला. तांबं घमेल्यावर बसलं, बियाला काय उरलं? पुन्हा प्लास्टिकच्या बादलीत केलं. (द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करणारे विळा बुडवून बघतात तो याच कारणासाठी. विळ्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला.)

२८ सप्टेंबर

पेरणी झाली. पाभर नाही, हाताने टोबून. वाट्याला तीन ओळी, त्याही एकत्र नव्हेत, कोपऱ्यात तीन ठिकाणी विखरून. ओळीत ४० जागा, जागेला दोन बिया. एकूण २१ ओळी. आधी स्वच्छ बी टोबलं, मग हात धुऊन औषधाचं, सगळ्यात शेवटी टिळ्याचं. त्यावरही मुलं आपसात भांडली, कारण सगळ्यांना टिळ्याचं बी टोबायचं होतं.

आबा बांधावर उभे. काही बोलले नाहीत, पण शेवटची ओळ झाल्यावर मुलांचे हात पुन्हा एकदा धुवायला लावले.

४ ऑक्टोबर

उगवण. सहा वाट्यांत सारखीच, मोरचुदात कमी. १२० जागांपैकी २६ मोकळ्या. जुन्या लोकांनी मोरचूद सोडून गंधक का धरलं ते या ओळींत उघड दिसतं. मोरचुदाने काणी जाते पण कोंबही भाजतो, बी ओलं होतं, वाळवलं नाही तर खराब होतं. गंधक कोरडंच चोळायचं आणि पोत्यात भरून ठेवायचं.

मोकळ्या जागा भरायच्या नाहीत असं ठरवलं. त्याही मोजणीत धरायच्या.

१६ ऑक्टोबर

विरळणी केली, जागेला एक रोप. खोडमाशी आली आहे. मधला पोंगा ओढला की हातात येतो आणि बुडाशी कुजका वास. पोंगेमर झालेली रोपं सगळ्या ओळींत सारखी विखुरलेली, म्हणजे टिळ्याशी तिचा संबंध नाही. ती संख्या वेगळ्या रकान्यात.

३० नोव्हेंबर

गेले सहा शनिवार उंची मोजली. टिळ्याची ओळ आणि स्वच्छ ओळ यांत फरक नाही. पानं तशीच, रंग तसाच, खोडाची जाडी तशीच. मुलं कंटाळली. "बाई, टिळा लागलाच नाही वाटतं."

हाच या रोगाचा कावा आहे. बी रुजताना काजळीचा कणही रुजतो आणि मातीच्या आतच कोवळ्या कोंबात शिरतो. गव्हाच्या काणीत हे शिरणं युलिउस क्यून याने १८५८ साली दाखवलं. पुढे दोन-अडीच महिने बुरशी शेंड्याबरोबर वर सरकत राहते. झाड खातं-पितं, वाढतं, शेतकरी खूश. उंचीचा तक्ता वाया गेला असं मुलांना वाटतं. मी तो फलकावर लावला आहे.

९ डिसेंबर

पीक पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात. काही कणसं निसवायला लागली. ढगाळ हवा. मावा वाढला, पानांवर चिकटा पडलाय. आबा म्हणतात थंडी पडली की जाईल. फवारणी नाही.

२१ डिसेंबर

टिळ्याच्या दुसऱ्या ओळीत पहिली काणी. सुप्रियाला दिसली. फुलोरा झालेल्या कणसात दाण्याऐवजी कुपी डोकावतेय. तासाभरात तशी नऊ कणसं सापडली. पिशव्या कमी पडल्या. एकीच्या आईने जुन्या साडीच्या शिवून दिल्या, त्यामुळे रानात आता गुलाबी फुलं आल्यासारखी दिसतात.

२८ डिसेंबर

स्वच्छ ओळीत काणी! तीन कणसांत. आणि गंधकाच्या ओळीतही दोन. मुलांची तोंडं उतरली. ओंकार तर म्हणाला की ती कणसं गुपचूप काढून टाकू, कोणाला कळणार? त्याला रागावले नाही. टिलेलाही कधी असं वाटलं असेल का, असा विचार मनात आला. त्याला तर नंतर व्हर्सायमधल्या त्रियानोंच्या बागेत राजा पंधरावा लुई याच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा होता.

कणसं जशी आहेत तशी ठेवली, पिशव्या बांधल्या, चित्रं काढली.

४ जानेवारी

चित्रं पुन्हा पाहिली. स्वच्छ ओळीतली कुपी वेगळीच आहे. दाण्याएवढी नाही, बोटाच्या पेराएवढी लांब, किंचित वाकडी, आणि अख्ख्या कणसात मोजून पाच-सहा. टिळ्याच्या कणसात मात्र जवळजवळ प्रत्येक दाण्याची कुपी आणि ती आखूड. हे दोन रोग आहेत!

घरी येऊन शोधलं. ज्वारीला काण्या चार. दाणे काणी, आम्ही पेरली ती. मोकळी काणी, जिची कुपी लवकर फुटते आणि झाड खुजं राहतं. लांब काणी. आणि झिपरी काणी, ज्यात सगळं कणीसच झिपऱ्या होऊन जातं. पहिल्या दोन बियाला चिकटून येतात, त्यांना बियाचं औषध चालतं. लांब काणी वाऱ्याने येते, पोटरीतल्या कणसात शिरते. तिच्यापुढे मोरचूद काय आणि गंधक काय. झिपरी काणी मातीतून येते.

मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका पुसाच्या संस्थेने १९१८ साली काढली होती. पुसा म्हणजे दिल्लीचं नव्हे, बिहारमधलं मूळचं. शेती संशोधनाची संस्था तिथे १९०५ मध्ये उभी राहिली, १९३४ च्या भूकंपात इमारत पडली, १९३६ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं आणि गावाचं नावही सोबत गेलं. बटलर हे तिथले बुरशीतज्ज्ञ, १९१८ मध्येच त्यांचंही वनस्पतींच्या रोगांवरचं मोठं पुस्तक आलं. या लोकांना नवी औषधं शोधण्याआधी हेच काम करावं लागलं : शेतकरी ज्याला एका नावाने हाक मारतो ते एक आहे की चार. धुईमुळे काणी येते म्हणणारे घरचे लोक लांब काणीच्या बाबतीत अगदीच चूक नव्हते, निदान ती वरून येते एवढं त्यांनी पाहिलं होतं.

हे वर्गात सांगितलं तेव्हा ओंकारने ती पाचही कणसं वहीत वेगळ्या रकान्यात लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं.

११ जानेवारी

हुरडा. आबांनी आगटी पेटवली, पण आमच्या कोपऱ्यापासून लांब, पलीकडच्या रानातल्या कणसांचा. खोबऱ्याची चटणी, गूळ, दही. नोंद घेण्यासारखं बाकी काही झालं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर सरळ रानात. मोजणीचा दिवस. लांब काणी वगळून फक्त दाणे काणी मोजली. वाट्यात उरलेली कणसं आणि त्यांतली काणीची :

स्वच्छ : ११२ पैकी ०.
टिळा : १०९ पैकी ३४.
स्वच्छ आणि कच्चं शेणखत : ११३ पैकी १.
टिळा आणि कच्चं शेणखत : १०७ पैकी ३१.
टिळा आणि मीठ : ११० पैकी १७.
टिळा आणि मोरचूद : ८८ पैकी २.
टिळा आणि गंधक : १११ पैकी ०.

शेणखत निर्दोष सुटलं. टिलेचं उत्तरही हेच होतं. मिठाने अर्धं काम केलं. बहुधा मिठापेक्षा धुण्यानेच.

ते एक कणीस मात्र कुठेच बसत नाही. स्वच्छ बियाच्या शेणखताच्या ओळीत, बांधाकडून सातवं. आखूड कुप्या, नक्की दाणे काणी. धुताना राहिलेला कण? कोणाचा काळा हात? त्या ओळीशेजारची ओळ टिळ्याचीच होती. मुलांनी तीन तर्क लिहिले, मी एकही खोडला नाही. तक्त्यात १ तसाच ठेवला.

एक गोष्ट मुलांनीच काढली. टिळा सगळ्या बियांना लावला होता, मग ३४ च का? बाकीची ७५ कशी वाचली? कोंब जमिनीबाहेर लवकर आला की बुरशीला शिरायला वेळ कमी मिळतो, एवढं मी सांगू शकले. पुढच्या रब्बीत एक ओळ उथळ आणि एक खोल टोबायची, असं वहीत लिहून ठेवलं आहे.

८ फेब्रुवारी

काणीची सगळी कणसं पिशवीसकट कापली. शाळेच्या खिचडीच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं ठरलं होतं. खिचडीवाल्या मावशींनी नकार दिला, तो योग्यच होता. मग आबांचं जुनं, गुरांच्या आंबोणाचं पातेलं आणलं. कणसं बुडवून, मग खड्ड्यात पुरली. कोपऱ्यातली बाकीची कणसं ठरल्याप्रमाणे वैरणीत कापून घातली, दाणा खळ्यावर गेला नाही.

२२ फेब्रुवारी

पुढच्या वर्षासाठी राखलेल्या स्वच्छ बियाच्या डब्यात पतंग झाले आहेत. झाकण उघडलं की चार-पाच पिवळसर पाखरं उडतात, दाण्याला टाचणीएवढं गोल भोक. टिळेसाहेबांनी हाही किडा सोडलेला नाही. १७६० साली फ्रान्सच्या आंगूम्वा प्रांतात याच पतंगाने धान्य पोखरलं, तेव्हा द्युहामेल द्यु मोंसो याच्याबरोबर टिलेलाच तपासाला पाठवलं होतं. दोघांनी दाणे फोडून अळी, कोष, पतंग हा सगळा क्रम लिहून काढला आणि धान्य भट्टीत तापवून किडा मारायची रीत सांगितली.

भट्टी बियाला चालणार नाही, उगवण मरेल. भोकाचे दाणे सूपभर निघाले, ते कोंबड्यांना. उरलेलं बी दोन दिवस कडक उन्हात घालून, नव्या डब्यात, वर कडुलिंबाचा पाला. डब्यावर चिठ्ठी : स्वच्छ, औषध नाही, खाऊ नये, पुढची रब्बी.

आबांनी विचारलं, गंधकाची ती भुकटी कितीला मिळाली. पावती शोधून सोमवारी सांगते म्हटलं.